फळमाशीचे कुळ आणि नाव

वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे आंब्याचे दिवस. ह्या दिवसांत घरोघर दोन माशांशी गाठ पडते. एक असते तिळाएवढी, तांबड्या डोळ्यांची. आढीतल्या एखाद्या नासक्या आंब्यावर, काळ्या पडलेल्या केळ्याच्या सालीवर किंवा उघड्या राहिलेल्या रसाच्या पातेल्याभोवती ती हजर होते. तिला आपण चिलट म्हणतो. दुसरी सहसा दिसत नाही. दिसते ती तिची करणी. बाहेरून तुकतुकीत, वासाला उत्तम असा आंबा कापावा आणि आतल्या गरात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा अनुभव नाही असे घर विरळाच. ही फळमाशी. घरमाशीच्या आकाराची, पण वरवर पाहिले तर गांधीलमाशीच वाटावी अशी.

आपल्या भाषेने ह्या दोघींना दोन नावे दिली. इंग्रजीत मात्र दोघींनाही 'फ्रूट फ्लाय' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि त्याला मुख्यतः अमेरिकेतल्या आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळा कारण झाल्या. वस्तुतः ही दोन वेगळी कुळे आहेत. फळमाशीचे कुळ टेफ्रिटिडी, चिलटाचे ड्रोसोफिलिडी. दोन्ही द्विपंखी कीटकांच्या गणातली खरी, पण त्या गणातही दूरच्या शाखांवरची. पहिलीची मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या सुईसारख्या अवयवाने झाडावरच्या धडधाकट फळाच्या सालीत भोक पाडते आणि आत अंडी घालते. दुसरीला फळापेक्षा फळ आंबवणारे किण्व अधिक प्रिय. एक फळ नासवते, दुसरी नासलेल्या फळावर येते. ह्या नियमालाही अपवाद निघालाच. जपानात १९३१ साली वर्णिलेली ड्रोसोफिला सुझुकी ही चिलटाच्याच कुळातली, पण ती पिकत आलेल्या चेरीला आणि स्ट्रॉबेरीला सरळ भोक पाडते. २००८ साली ती अमेरिकेत आणि युरोपात पोचल्यापासून तिथले बागाईतदार तिच्या नावाने खडे फोडीत आहेत.

माशांच्या लॅटिन नावांचा हा काथ्याकूट आम्ही आंब्याच्या दिवसांत का काढला, असे कोणी विचारील. ह्या काथ्याकुटावर आंब्याच्या पेट्या अडतात आणि सुटतात, हे त्याचे उत्तर. पण पेट्यांकडे येण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

१७५८ साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत घालून दिली, तेव्हा बहुतेक सगळ्या माशा त्याने 'मस्का' ह्या एकाच प्रजातीत कोंबल्या. घरमाशी मस्का, चेरी पोखरणारी माशीही मस्का. एका वाड्यात अठरापगड बिऱ्हाडे भरावीत असा तो प्रकार होता. लिनियसचा शिष्य फाब्रिसियस ह्यानेही प्रारंभी तेच चालविले. १७९४ साली त्याने पूर्वेकडील हिंदुस्थानातून आलेल्या एका तांबूस माशीला 'मस्का फेरुजिनिया', म्हणजे गंजाच्या रंगाची माशी, असे नाव दिले. हे नाव ध्यानात असू द्यावे.

ह्या वाड्याच्या भिंती घातल्या त्या योहान विल्हेल्म मायगेन ह्या जर्मन गृहस्थाने. १७६४ ते १८४५ हा त्याचा काळ. मायगेन कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. श्टोलबर्ग नावाच्या लहानशा गावी शिकवण्या करून, नकाशे काढून त्याने आयुष्य ओढले आणि उरलेल्या वेळात भिंग घेऊन माशांचे पंख पाहिले. पंखांतल्या शिरांच्या मांडणीवरून माशांचे गट ठरविता येतात, ही गोष्ट त्याने पद्धतशीर राबविली. आजही फळमाशीचे कुळ ओळखावयाचे तर पंखच पाहावा लागतो. पंखाच्या पुढल्या कडेलगत जाणारी एक बारीक शीर टोकाजवळ येताच एकाएकी काटकोनात कडेकडे वळते. पंखांवर बहुधा पट्टे वा ठिपके असतात. ज्यांची कीर्ती दिगंत झाली अशा कित्येक पंडितांची वर्गीकरणे कालौघात गेली. ह्या गरीब शिक्षकाची शिरांची खूण टिकली. चिलटाला ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, काळ्या पोटाची दवप्रेमी, हे नाव १८३० साली मायगेननेच दिले. त्यातली 'ड्रोसोफिला' ही प्रजाती १८२३ ची, स्वीडनच्या फालेनची.

मात्र ह्याच मायगेनच्या हातून एक भानगड होऊन बसली. १८०० साली त्याने पॅरिसमध्ये एक लहानशी पुस्तिका छापली आणि तीत माशांच्या प्रजातींना नावे दिली. उदाहरणादाखल जाती मात्र सांगितल्या नाहीत. तीन वर्षांनी दुसरा निबंध लिहिताना त्याने ती बहुतेक नावे स्वतःच टाकून दिली आणि नवी योजिली. फळमाशीच्या गोतातल्या एका प्रजातीचे नाव पुस्तिकेत 'युरिबिया' होते. १८०३ मध्ये 'ट्रायपेटा' हे नाव आले. पुढल्याच वर्षी फ्रान्सच्या लात्रेइने 'टेफ्रिटिस' काढले. १८०० ची पुस्तिका विस्मरणात गेली आणि शंभर वर्षे कोणाचे काही बिघडले नाही.

१९०८ साली ती फ्रीडरिक हेंडेल ह्या ऑस्ट्रियन शाळाप्रमुखाने उकरून काढली. प्राण्यांच्या नामकरणात ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव खरे, असा दंडक. त्या न्यायाने मायगेनची टाकलेली नावेच अस्सल ठरत होती. झाले, माशांच्या अभ्यासकांत दोन तट पडले. एका देशातले ग्रंथ जुनी नावे वापरीत, दुसऱ्या देशातले त्याहून जुनी. फळमाशीचे कुळ कोणी ट्रायपेटिडी म्हणे, कोणी युरिबिइडी, कोणी १७९५ सालच्या श्रांकच्या प्रजातीवरून ट्रायपॅनिडी, तर कोणी १८३४ साली इंग्लंडच्या न्यूमनने केलेल्या नावावरून टेफ्रिटिडी. एकाच कुळाची चार आडनावे! कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधल्या हिंदी फळमाश्यांचे मोठे वर्णन इटलीच्या मारिओ बेझी ह्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले, तेही 'ट्रायपॅनिड' ह्या नावाखाली. ज्या वाचकाला फक्त टेफ्रिटिडी हा शब्द ठाऊक असेल त्याच्या हाती हा ग्रंथ सूचीतून लागणे कठीण. १८९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने अखेर १९६३ साली आपला विशेषाधिकार वापरून मायगेनची १८०० ची पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरविली, आणि हळूहळू टेफ्रिटिडी हे नाव सर्वत्र रुळले.

आमचे मन विचाराल तर ट्रायपेटिडीच टिकावयास हवे होते. टेफ्रा म्हणजे ग्रीक भाषेत राख. टेफ्रिटिडी म्हणजे राखी रंगाच्या माशांचे कुळ. ट्रायपेटा म्हणजे भोके पाडणारी. कामावरून पडलेले नाव गेले आणि रंगावरून पडलेले राहिले. शिवाय ह्या कुळातल्या सुमारे ५,००० जातींपैकी कित्येक फळांच्या वाटेलाही जात नाहीत. त्या सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींच्या फुलांत वाढतात किंवा देठांवर गाठी आणतात. तेव्हा 'फळमाशी' हे नावही कुळाला पुरते लागू नाहीच.

आता त्या गंजाच्या रंगाच्या माशीकडे वळू. आमच्या आंब्यातली माशी ती हीच, असे समजून हिंदुस्थानातले कृषिकीटकशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभी तिला 'डॅकस फेरुजिनियस' म्हणत. पण मस्काच्या त्या गजबजलेल्या वाड्यात 'फेरुजिनिया' हे नाव स्कोपोली नावाच्या निसर्गपंडिताने १७६३ सालीच दुसऱ्या एका माशीला दिलेले होते. एका प्रजातीत एक नाव दोघींना चालत नाही. फाब्रिसियसचे नाव रद्द झाले. मग नाव आले ते फॉर्मोसा बेटाहून. झाउटर ह्या संग्राहकाने तिथून पाठविलेल्या माशांचे वर्णन १९१२ साली पुन्हा त्याच हेंडेलने केले आणि एकीला 'डॅकस डॉर्सॅलिस' म्हटले. अशा रीतीने हापूस पोखरणाऱ्या माशीचे नाव तैवानच्या नमुन्यावर बांधलेले आहे. तिचे आजचे नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस.

नाव कोठे पडले ह्यावरून जन्मभूमी ठरत नाही, ह्याची ह्या कुळात गंमतीदार उदाहरणे आहेत. कारली, दोडके आणि काकड्या किडवणारी आपली माशी कॉकिलेटने १८९९ साली वर्णिली ती हवाईच्या नमुन्यांवरून; तिथे ती नुकतीच जाऊन पोचली होती. उलट जगभर दहशत बसविणारी भूमध्य समुद्राकाठची फळमाशी, सेरॅटायटिस कॅपिटाटा, ही मूळची आफ्रिकेची. तिचे वर्णन १८२४ साली कील येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक वीडमान ह्यांनी केले तेव्हा तिचे ठिकाण पूर्वेकडील हिंदुस्थान असे नोंदविले गेले. एका चुकीच्या चिठ्ठीने आपल्या देशाला नसलेली माशी बहाल केली.

हिंदुस्थानच्या भूमीवर ह्या कुळासंबंधी जो सर्वांत मोठा शोध लागला तो मात्र निःसंशय आपला. निदान बिहारमधल्या पुसा गावचा. तिथल्या कृषिसंस्थेत फ्रँक हाउलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. शेजारी डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेलाचे तेल वापरी, आणि त्या वासावर डासांऐवजी फळमाश्यांचा थवा येई, ही तक्रार त्यांच्या कानी आली. दुसरा कोणी हसून सोडून देता. हाउलेटनी माशा पकडून तपासल्या, तो सगळे नर! १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१५ पर्यंत तेलातले आकर्षण करणारे द्रव्य मिथिल युजेनॉल आहे हे दाखवून दिले. हेच द्रव्य आपल्या तुळशीतही असते. नर ते खातो, शरीरात त्याचे रूपांतर करतो आणि त्या वासाने मादीला बोलावतो, हे फार पुढे कळले. नर वेचून मारले तर माद्यांची अंडी वांझ राहतात; ह्या एका सूत्रावर १९६० नंतर प्रशांत महासागरातली बेटेच्या बेटे फळमाशीपासून मुक्त करण्यात आली.

इथपर्यंतचा वाद नावांचा होता. पुढला वाद माशी एक की अनेक, असा आहे, आणि त्याची किंमत शेतकऱ्यांना मोजावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील ड्रू ह्यांनी १९८९ साली डॅकस ह्या अवजड प्रजातीतून बॅक्ट्रोसेरा वेगळी काढून तिला स्वतंत्र प्रजातीचा मान दिला. १९९४ साली ड्रू आणि हँकॉक ह्यांनी आशियातल्या डॉर्सॅलिससारख्या दिसणाऱ्या माशांची छाननी करून ५२ जाती सांगितल्या. त्यांतल्या ४० नव्या होत्या. आग्नेय आशियातली 'पपायी', फिलिपाइन्सची 'फिलिपिनेन्सिस', 'कॅरम्बोली' ही नावे त्याच ग्रंथातली. काम मोलाचे होते ह्यात शंका नाही. पण पपायी आणि डॉर्सॅलिस ह्यांतला भेद पोटावरच्या पट्ट्याच्या रुंदीवर आणि अशाच बारीकसारीक मापांवर उभा होता, आणि ती मापे एकमेकांत मिसळत.

पुढल्याच वर्षी, १९९५ मध्ये, क्वीन्सलँडच्या केर्न्स गावाजवळ पपायी सापडली. मिथिल युजेनॉलचे आमिष टांगून तिचे निर्मूलन करावयास १९९९ साल उजाडले. २००३ साली केनियात एक परकी माशी दिसली आणि बघता बघता ती आफ्रिकाभर आंब्यावर पसरली. तशीच माशी श्रीलंकेत आढळली. २००५ साली तिला 'बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स', आक्रमक, असे नवे नाव मिळाले. नव्या नावाबरोबर नवी बंधने आली. डॉर्सॅलिस कशी मारावी, तिच्यावर बाष्पाची किती उष्णता पुरे, हे सगळे दशकानुदशके तपासलेले होते. पण कागदोपत्री इन्व्हेडेन्स ही वेगळी जात, तेव्हा तिच्याविषयी पुरावा नव्याने आणा, असे आफ्रिकेच्या आंब्याला ऐकावे लागले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने आणि अणुशक्ती संस्थेने मिळून २०१० पासून ह्या प्रश्नावर अनेक देशांच्या संशोधकांना कामास लावले. त्यांनी ह्या माशांची आपसांत लग्ने लावून पाहिली, संतती सशक्त होते का पाहिले, पंखांचे आकार मोजले, जनुके ताडून पाहिली, नरांचे वास तपासले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला: पपायी, फिलिपिनेन्सिस, इन्व्हेडेन्स ह्या निराळ्या जाती नाहीत, सगळ्या मिळून एकच डॉर्सॅलिस. कॅरम्बोली तेवढी वेगळी राहिली. ड्रू ह्यांना हा निकाल सर्वस्वी मान्य झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याने आयुष्यभर हजारो माशा भिंगाखाली पाहिल्या त्याची नजर एका निबंधाने खोटी ठरत नसते. तरी पुराव्याचे पारडे कोणीकडे झुकते ह्याविषयी आम्हांला संदेह वाटत नाही.

ह्याच सुमारास चिलटाच्या कुळातही एक खटला उभा राहिला होता. कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन ह्यांनी १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर पाहिला आणि त्यातून आधुनिक आनुवंशशास्त्र उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या काळच्या निबंधांत चिलटाचे नाव 'ड्रोसोफिला अँपेलोफिला' असे असे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते लोएवने १८६२ साली दिलेले. मायगेनचे मेलानोगॅस्टर त्याहून जुने, म्हणून ते गादीवर आले. पुढे ड्रोसोफिला प्रजातीत दीड हजारांच्या आसपास जाती झाल्या आणि त्या सगळ्या एका वंशाच्या नाहीत हे ध्यानी आले. ती फोडावी, तर नाव मूळ नमुनाजातीकडे जाते, आणि ड्रोसोफिलाची नमुनाजाती आहे 'फ्युनेब्रिस'. मेलानोगॅस्टरला मग स्टर्टेव्हंटने १९३९ साली काढलेल्या 'सोफोफोरा' ह्या उपप्रजातीचे नाव घ्यावे लागेल. सोफोफोरा म्हणजे शहाणपण वाहून आणणारी. नाव वाईट नाही; पण शंभर वर्षांचे अगणित निबंध दुसऱ्या नावाने लिहिलेले! मेलानोगॅस्टरलाच नमुनाजाती करा, असा अर्ज काही संशोधकांनी २००७ साली नामकरण आयोगाकडे केला. २०१० साली आयोगाने तो फेटाळला. प्रजाती फोडण्याचा आग्रह मग बहुतेकांनी धरला नाही, आणि मेलानोगॅस्टर अद्याप ड्रोसोफिलाच आहे.

आता पेट्यांकडे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू ह्यांची आयात बंद केली. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखे कीटक सापडले, हे कारण दिले गेले. हंगाम ऐन भरात आलेला. कोकणातल्या बागाईतदारांचा वर्षाचा हिशेब ह्या दीड-दोन महिन्यांवर चालतो, हे इथे बसलेल्यांना सांगावयास नको. बंदी कायद्याच्या ज्या यादीच्या आधारावर होती ती वाचण्यासारखी आहे. तिच्यात 'टेफ्रिटिडी, युरोपबाहेरील' अशी सबंध कुळाचीच नोंद होती. ह्याला कारण आहे. पेटीत सापडते ती अळी, आणि अळीला पंख नसतात. ती नेमकी कोणत्या जातीची हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. कुळ तेवढे ओळखता येते, आणि कुळ ओळखले की पेटी अडते. न्यूमनने १८३४ साली केलेले नाव असे बंदरावरचे पहारेकऱ्याचे नाव होऊन बसले. उदाहरणादाखल दिलेल्या जातींत मात्र आपली माशी 'डॅकस डॉर्सॅलिस' ह्याच नावाने उभी होती. शास्त्राने डॅकस सोडून पंचवीस वर्षे झाली होती, कायद्याने सोडली नव्हती. ती यादी २०१९ साली बदलली. आंब्यावरची बंदी त्याआधीच, जानेवारी २०१५ मध्ये, उठली, आणि तेव्हापासून गरम पाण्याची किंवा बाष्पाची प्रक्रिया करून तपासलेल्या पेट्या जाऊ लागल्या.

कोकणातल्या बागांत आता दापोलीच्या कृषिविद्यापीठाचे 'रक्षक' सापळे टांगलेले दिसतात. आत हाउलेटचेच मिथिल युजेनॉल. त्याच्यावर डॉर्सॅलिस येते, १८४२ सालच्या सॉन्डर्सची झोनाटा येते, पेरूवरची करेक्टाही येते. तिघींचे नर एकाच डबीत मरून पडतात. पण हाच सापळा कोणी कारल्याच्या मांडवात टांगला तर तो रिकामाच राहतो. कारल्याची माशी २०१५ साली बॅक्ट्रोसेरातून निघून झ्यूगोडॅकस ह्या वेगळ्या प्रजातीत गेली. तिच्या नराला मिथिल युजेनॉलचे सोयरसुतक नाही. त्याला क्यू-ल्यूर नावाचे निराळे आमिष लागते. हाउलेटनी १९१२ साली सिट्रोनेलावर पकडलेल्या दोन जातींपैकी एक, डायव्हर्सस, ही देखील आज झ्यूगोडॅकसमध्येच आहे आणि ती मात्र मिथिल युजेनॉलवर येते. तेव्हा मांडवासाठी आमिष घेताना प्रजातीचे नाव सांगून भागत नाही. माशी कारल्याची आहे की आंब्याची, हे दुकानदाराला आधी सांगावे.